संसाराच्या शाळेंतील ख्रिस्तबोध

धर्मग्रामाचा ज्युबिली उत्सव म्हणजे गतकाळाकडे वळून पाहण्याची व परमेश्वराचे उपकार स्मरण्याची वेळ होय. अशा प्रसंगीं निघणाऱ्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं नांवें, देवळाच्या पायाभरणीची तिथि, शाळा व दवाखाने यांची हकीकत येते, आणि ती यावी हें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या मांडीवर बसून आपण क्रुसाची खूण करावयास शिकलों, ज्यांच्या तोंडून प्रभूची प्रार्थना व नमो मरिया प्रथम ऐकली, त्या आया, आज्या, आत्या व मावश्या यांचीं नांवें अशा पुस्तकांत क्वचितच आढळतात. त्यांपैकीं कित्येकींना अक्षरओळख नव्हती. मग त्यांनीं धर्म शिकविला तो कशाच्या आधारें? त्यांची शाळा कोणती होती, व त्या शाळेंतील पुस्तक कोणतें? या प्रश्नाचा विचार व्हावा, म्हणून आम्हीं हा लेख योजिला आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, चूल, उखळ, तळें व धानाची बांधी हीच त्यांची शाळा होती. आणि हें उत्तर आमच्या पदरचें नाहीं. ख्रिस्तसभेच्या इतिहासांत त्याला मोठे आधार आहेत. त्यांपैकीं तीन येथें क्रमानें सांगून मग आम्ही आपल्या भंडारा जिल्ह्याकडे वळूं.

पहिला आधार खुद्द शुभवर्तमानाचा. प्रभु येशू स्वर्गाच्या राज्याविषयीं बोलूं लागला म्हणजे पुष्कळदां दृष्टांतांची जोडी सांगत असे, एक पुरुषाच्या कामांतला व एक स्त्रीच्या कामांतला. मोहरीचा दाणा शेतांत टाकणारा मनुष्य सांगितला कीं लागलीच पिठांत खमीर मिसळणारी बाई सांगितली. हरवलेल्या मेंढराला शोधणारा मेंढपाळ सांगितला कीं पाठोपाठ दहा नाण्यांतलें एक नाणें हरवलें म्हणून दिवा लावून, घर झाडून शोधणारी गृहिणी सांगितली. या जोडीचें महत्त्व नीट ध्यानांत घ्यावें. हरवलेल्या पाप्याला शोधणाऱ्या देवाची उपमा जशी मेंढपाळाला दिली, तशीच ती हातांत केरसुणी घेतलेल्या बाईला दिली. ज्या बाईनें तीन मापें पिठांत खमीर लपविलें, तिचें पीठ एका घरच्या एका दिवसाचें नव्हतें. त्यांत शंभर माणसें सहज जेवलीं असतीं. राज्याचें हें मोठें जेवण एका स्त्रीच्या हातीं सोंपविलेलें प्रभूनें दाखविलें आहे.

जातेंहि त्याच्या बोलण्यांत आलें आहे. शेवटच्या दिवसाविषयीं सांगतांना तो म्हणतो कीं, दोघी बायका एका जात्यावर दळीत असतील, त्यांतली एक घेतली जाईल व दुसरी राहील. जातें एक, पीठ एक, घाम एक. भेद काय तो अंतःकरणाचा. यावरून दिसतें कीं, प्रभूच्या दृष्टीनें दळणाची वेळ ही देवाच्या न्यायासनासमोर उभें राहण्याची वेळ असूं शकते.

येथें मार्था व मरिया यांच्या गोष्टीविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. त्या गोष्टीचा आधार घेऊन स्वयंपाकघरांतील स्त्रीला कमी लेखणारे उपदेश पुष्कळ झाले. परंतु प्रभूनें मार्थेला दोष दिला तो ती रांधीत होती म्हणून नव्हे. ती अनेक गोष्टींविषयीं चिंताक्रांत व कासावीस झाली होती, म्हणून दिला. आणि तीच मार्था पुढें भाऊ लाजारस वारला असतां वाटेवर येऊन, येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे, असें उघड कबूल करिते. पेत्राच्या तोंडीं जी कबुली आहे, तीच या पाटावरवंट्याच्या बाईच्या तोंडीं आहे, हें आमच्या भगिनींनीं विसरूं नये.

दुसरा आधार संत फ्रान्सिस द सालेस याचा. हा संत 1567 सालीं सव्हॉय प्रांतांत जन्मला, 1602 सालीं जिनीव्हाचा महागुरु झाला व 1622 सालीं निवर्तला. जिनीव्हा शहर त्या काळीं काल्व्हिनच्या अनुयायांच्या हातीं असल्यामुळें त्याचें वास्तव्य ॲनसी या गांवीं असे. त्या काळीं लोकांची सर्वसाधारण समजूत अशी होती कीं, भक्ति म्हणजे मठांतील लोकांचें काम. ज्याला बायकामुलें व घरदार आहे, त्यानें पाप टाळावें व दानधर्म करावा, इतकेंच पुरे. या संताच्या नात्यांतील लुईज द शार्मोआझी नांवाची एक विवाहित स्त्री त्याच्याकडे मार्गदर्शनासाठीं येत असे. संसार सांभाळून देवाची सेवा कशी करावी, याविषयीं त्यानें तिला टिपणें लिहून दिलीं. एका येशूसंघीय धर्मगुरूनें तीं वाचलीं व छापविण्याचा आग्रह धरिला. त्यांतून 1609 सालीं जें पुस्तक प्रसिद्ध झालें, तें भक्तिमय जीवनाची ओळख या नांवानें सर्व जगभर वाचलें गेलें. त्यांत वाचकाला फिलोथेआ, म्हणजे देवावर प्रेम करणारी, अशी हांक मारिली आहे.

या ग्रंथाचें सार असें. भक्ति सर्वांना आहे, परंतु ती ज्याच्या त्याच्या अवस्थेप्रमाणें निरनिराळी आहे. शिपायाच्या तंबूंतून, कारागिराच्या दुकानांतून किंवा संसारी माणसाच्या घरांतून भक्तीला हांकलून देणें ही मोठी चूक होय. संसारी बाईनें मठवासिनीप्रमाणें दिवसभर देवळांत बसावें, आणि घरीं मुलें उपाशी राहावींत, ही भक्ति नव्हे. मोठे पराक्रम करण्याचे प्रसंग विरळा येतात. लहान लहान सद्गुणांचे प्रसंग मात्र दर घटकेस येतात, आणि ते सद्गुण क्रुसाच्या पायथ्याशींच उगवतात. याला उदाहरण म्हणून त्यानें सिएनाची संत कॅथरिन घेतली आहे. बापाच्या घरीं ती मोलकरणीप्रमाणें चुलीपाशीं राबत असतां, बापाच्या ठिकाणीं प्रभु, आईच्या ठिकाणीं पवित्र मरिया व भावांच्या ठिकाणीं प्रेषित आहेत, असें मनांत आणून ती सर्वांची सेवा करीत असे. याच कॅथरिनला 1970 सालीं ख्रिस्तसभेनें आपल्या आचार्यांत स्थान दिलें.

पुढें 1610 सालीं या संतानें, चार लेंकरांची विधवा आई जेन द शांताल हिच्या सहकार्यानें, ॲनसी येथें धर्मभगिनींचा एक संघ स्थापिला व त्याला पवित्र मरियेच्या भेटीचें नांव दिलें. ती भेट कोणती? मरिया आपली वृद्ध आप्त एलिझाबेथ गरोदर आहे असें ऐकून डोंगराळ प्रदेशांत तिच्या घरीं गेली व सुमारें तीन महिने राहिली, ती भेट. एका बाईनें दुसरीच्या अवघड दिवसांत तिच्या घरीं जावें, ही गोष्ट आमच्या गांवोगांवच्या बायका वर्षानुवर्षें करीत आल्या आहेत. त्या साध्या गोष्टीचें नांव एका थोर संघाला मिळालें.

या ॲनसीचा व आमच्या वैनगंगेकांठचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. त्याच ॲनसी येथें 1838 सालीं फादर पीटर मेर्मिये यांनीं संत फ्रान्सिस द सालेस यांच्या नांवानें मिशनरी धर्मगुरूंचा संघ स्थापिला. 1845 सालीं त्या संघाचे धर्मगुरु हिंदुस्थानांत येण्यास निघाले व विशाखापट्टणच्या बाजूनें कामाला लागले. ॲनसीच्या संत जोसेफच्या धर्मभगिनी 1849 सालीं आल्या. तेव्हांपासून त्या मिशनचें कार्य नागपूरपर्यंत पसरलें. 1887 सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, 1953 सालीं त्याचा महाधर्मप्रांत झाला, आणि आमचा भंडारा जिल्हा त्यांतच मोडतो. नागपूरचें मुख्य देऊळ याच संताच्या नांवाचें आहे. म्हणजे फिलोथेआला लिहिलेल्या शिकवणीचा ओघ डोंगर व समुद्र ओलांडून आमच्या बांधीच्या धुऱ्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे.

तथापि संताचें पुस्तक फ्रेंच भाषेंत होतें, व आमच्या आज्यांना तें वाचावयास मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या भाषेंत असें कांहीं झालें काय? झालें, आणि तेंहि जवळजवळ त्याच वेळीं. हा आमचा तिसरा आधार. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु 1579 सालीं गोव्यास आले, साष्टी प्रांतांत त्यांनीं जन्म घालविला व 1619 सालीं ते तेथेंच वारले. त्यांचें ख्रिस्तपुराण 1616 सालीं, म्हणजे फिलोथेआच्या ग्रंथानंतर अवघ्या सात वर्षांनीं, छापून निघालें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. पुढें 1649 व 1654 सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि 1907 सालीं मंगळूर येथें तें पुनः छापलें गेलें.

फादर स्टीफन्स यांनीं ओवी कां निवडली, हें महाराष्ट्रांतील वाचकाला सांगावयास नको. ग्रंथांतील ओवी व जात्यावरची ओवी यांची घडण अगदीं एक नाहीं, तरी त्यांचें नातें सख्ख्या बहिणींचें आहे. ज्ञानेश्वरांच्या काळापासून आमच्या लोकांनीं धर्म कानांनीं घेतला, व त्याला ओवी हेंच वाहन होतें. पहांटे जात्यावर बसलेली बाई आपलें सुखदुःख, माहेर, भाऊ व देव हीं सर्व त्याच चालींत ओवीत आली. अलीकडील काळांत पुण्याचे गी पॉयतवाँ व हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतून बायकांच्या तोंडच्या अशा एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. निरक्षर म्हटल्या गेलेल्या स्त्रियांच्या मनांत केवढें भांडार होतें, हें त्यावरून कळून येतें. फादर स्टीफन्स यांनीं त्या भांडाराची किल्ली ओळखली होती, असें आम्हांस वाटतें.

आतां आपण आपल्या जिल्ह्याकडे येऊं. 1 मे 1999 रोजीं गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके राहिले. वैनगंगेचें पाणी, जुनीं तळीं व बोड्या, धानाची शेती, रानांतील मोह व तेंदू, कोशाचें विणकाम व पितळेचीं भांडीं हें या भूमीचें धन होय. आणि यांतील प्रत्येक धनावर स्त्रीचा हात लागलेला आहे.

पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. प्रभूच्या देशांत बीं फेंकून पेरीत, व पेरणारा पुरुष असे. आमच्याकडे धानाचे पऱ्हे आधीं एका कोपऱ्यांत दाट वाढवितात, मग ते उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या बांधींत एकेक करून रोवितात. ही रोवणी बायका करितात. आषाढश्रावणाचा पाऊस पाठीवर घेत, गुडघाभर चिखलांत वांकून, एका ओळीनें मागें सरत त्या हें काम करितात. म्हणून आमच्या जिल्ह्यांत पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगावयाचा तर त्यांतील पेरणारा हात स्त्रीचा आहे, असें आम्ही म्हणतों. शिवाय जो पऱ्हा उपटला नाहीं तो दाटींतच राहतो व त्याला भरघोस लोंबी येत नाहीं. माहेर सोडून सासरीं रुजलेल्या प्रत्येक बाईला हा पाठ कोणीं शिकवावा लागत नाहीं. अब्राहामाला देवानें आपला देश सोडावयास कां सांगितलें, हें तिला पंडितापेक्षां लवकर उमजतें. गोवा व वसई या बाजूस नव्या पिकाचें लोंबर देवळांत आशीर्वादासाठीं नेण्याची रीत ऑगस्ट-सप्टेंबरांत पाळितात. आमचें बहुतेक धान त्यानंतर, मृतांच्या स्मरणदिनाच्या आगेंमागें, कापणीस येतें. भूमींत पडून मेलेला दाणा पुष्कळ फळ देतो, हें प्रभूचें वचन स्मशानांतील प्रार्थनेच्या दिवसांत आमच्या खळ्यावर डोळ्यांनीं दिसतें.

पूर्वीं हें धान घरोघर उखळांत कांडीत असत. आज तें काम गिरणी करिते. मुसळ तांदूळ उत्पन्न करीत नाहीं. दाणा आंत असतोच, मुसळानें फक्त टरफल सुटतें, व सूप त्याला वेगळें करितें. देव दुःखाच्या योगानें आत्म्याचें टरफल काढितो, असा पाठ आमच्या आज्या यावरून देत आल्या, व तो खरा आहे. परंतु येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. जो नवरा दारू पिऊन बायकोला मारितो, त्याच्या हातांतील काठीला कोणीं देवाचें मुसळ म्हणूं नये. सोसणें हा ख्रिस्ती सद्गुण आहे, परंतु दुसऱ्याला सोसावयास लावणें हें पाप आहे, आणि त्या पापावर श्रद्धेचें पांघरूण घालणें हें त्याहून मोठें पाप आहे. संसारांतले पाठ बायकांना सांगावयाचे व पुरुषांनीं बाहेर ओट्यावर बसावयाचें, असा या शाळेचा नियम नाहीं.

कोशाचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. आविलाची संत तेरेजा हिनें 1577 सालीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत आत्म्याला रेशमाच्या किड्याची उपमा दिली आहे. किडा आपलें घर विणतो, त्यांत मरतो, आणि पांखरू होऊन बाहेर येतो. परंतु आपण हें स्वतः पाहिलेलें नाहीं, केवळ ऐकिलें आहे, असें ती मोठ्या प्रांजळपणें सांगते. संत तेरेजेनें जें ऐकिलें, तें आमच्याकडील बायकांनीं पाहिलें आहे. ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे वाढतात, व मोहाडी, आंधळगांव या बाजूस कोशाचें कापड विणतात. कोसे उकळत्या पाण्यांत टाकून, मांडीवर सूत वळण्याचें काम पूर्वापार स्त्रियांचें. आणि तिनें संतेलाहि ठाऊक नसलेली एक गोष्ट जाणली आहे. अखंड धागा हवा असेल तर पांखरू बाहेर येण्यापूर्वींच कोसा उकळावा लागतो. कोणाचा तरी जीव गेल्यावांचून कोणाचें वस्त्र होत नाहीं. तें वस्त्र नेसणाऱ्या बाईनें सूत वळणाऱ्या बाईच्या सोललेल्या मांडीची आठवण ठेवावी, व तिची मजुरी वेळेवर व पुरी द्यावी, हाहि श्रद्धेचाच पाठ आहे. अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडते, असें संत याकोबानें आपल्या पत्रांत बजाविलें आहे.

उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहांटे रानांत जाऊन पानें तोडावीं, घरीं आणून निवडावीं, आणि सत्तर पानांचें एक पुडकें बांधावें, हा नेम. पेत्रानें प्रभूला विचारिलें कीं, भावाला क्षमा किती वेळां करावी, सात वेळां काय? प्रभु म्हणाला, साताच्या सत्तर वेळां. ज्या बाईनें सात पुडकीं बांधलीं, तिच्या बोटांनीं हा हिशेब पुरा मोजला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत चारशें नव्वद हा आंकडा फळ्यावर लिहून दाखवितात. आमच्या भगिनींना तो पाठदुखीसकट ठाऊक आहे. क्षमा करणें किती लांबवर चालणारें काम आहे, हें समजावयास याहून चांगली रीत आम्हांस दिसत नाहीं.

शेवटीं तळें. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईशीं प्रभु बोलला, आणि तिच्या भांड्यांतलें पाणी मागितलें. यहूदी मनुष्य शोमरोन्यांचें भांडें वापरीत नसे, म्हणून तिला आश्चर्य वाटलें. ती घागर तेथेंच टाकून गांवांत धांवली, आणि तिच्या शब्दावरून पुष्कळांनीं विश्वास धरिला. पाणवठ्यावर कोणीं कोणत्या बाजूनें उतरावें, कोणीं लांब उभें राहून वाट पाहावी, याचे नियम ज्या देशांत पिढ्यान् पिढ्या चालले, त्या देशाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. मराठी वाङ्मयांत याची साक्ष लक्ष्मीबाई टिळक यांची आहे. 1934 ते 1937 या सालांत प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रांत त्यांनीं आपली सर्व वाटचाल सांगितली आहे. त्या आमच्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, तरी त्यांचें पुस्तक सर्वांचें आहे. वादविवादांत न हरणाऱ्या या बाईचें सोंवळें अखेर अन्नपाण्याच्या नित्य व्यवहारांतच गळून पडलें, ही गोष्ट मननीय आहे.

आतां जातें थांबलें, उखळ अंगणांत उलटें पडलें, व पुष्कळ घरीं पाणी नळानें येतें. हें चांगलेंच झालें. आमच्या भगिनींची पाठ पुनः वांकावी, अशी इच्छा कोणींहि धरूं नये. परंतु कामाबरोबर गाणें गेलें, व गाण्याबरोबर पाठ जाण्याचा संभव आहे. आजची स्त्री बचतगटाच्या वहींत आंकडे मांडते, बसची वाट पाहते, रुग्णाच्या उशाशीं रात्र काढते. तिच्या या कामांतहि शुभवर्तमान आहे, मात्र तें कोणीं तरी मोठ्यानें सांगितलें पाहिजे. बचतगटांत एकीचा हप्ता चुकला असतां बाकीच्या जणींनीं तो भरून काढला, तर गलतीकरांस पाठविलेल्या पत्रांत संत पौलानें सांगितलेलें परस्परांचें ओझें वाहणें तेथें प्रत्यक्ष झालें. 2021 च्या मे महिन्यांत पोप फ्रान्सिस यांनीं धर्मशिक्षकाची सेवा ही ख्रिस्तसभेची रीतसर नेमलेली सेवा ठरविली, व ती स्त्रीपुरुष दोघांनाहि खुली केली. आमच्या आज्या जें काम नांवावांचून करीत आल्या, त्याला आतां नांव मिळालें.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबास एक विनंति आहे. घरांत जी सर्वांत वडील स्त्री असेल, तिच्यापाशीं एक संध्याकाळ बसावें. तिनें प्रार्थना कोणाकडून शिकली, रोवणीच्या वेळीं कोणतीं गाणीं म्हटलीं, संकटांत देवाला कोणत्या शब्दांनीं हांक मारिली, तें सर्व तिच्याच बोलींत लिहून ठेवावें. मुलांनीं लिहावें, मुलग्यांनीं विशेषेंकरून लिहावें. पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंच्या नांवांशेजारीं हींहि नांवें यावींत.

ज्या प्रभूनें तीस वर्षें नाझरेथच्या घरांत आईच्या हातची भाकर खाल्ली व तिच्याच कामांतून पुढें आपले दृष्टांत घेतले, तो आमच्या सर्व माताभगिनींच्या श्रमांस आशीर्वाद देवो, व त्यांचे पाठ ऐकण्याची नम्रता आम्हां सर्वांस देवो. आमेन.